जुनी रेवा ही विजेवरची मोटारगाडी घरच्या घरी सुरू करताना

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या वाड्याच्या पडवीतही हे काम होते. मात्र पावसाळा टाळावा. २००१ साली बाजारात आलेल्या रेवामध्ये ६ व्होल्टच्या ८ लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट मिळवले जातात. एवढ्या दाबाचा झटका सहसा जीवघेणा नसला, तरी पाना दोन टोकांवर पडल्यास तो क्षणात लाल होतो; म्हणून अंगठी, कडे उतरवून आधी मुख्य जोडणी सोडवावी. टोकांवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. पूर्ण चार्ज करून काही तास विसावलेली बॅटरी सुमारे ६.३ व्होल्ट दाखवते; तरीही भार पडताच जिचे व्होल्ट कोसळतात ती बॅटरी निकामीच समजावी. एकच नवी बसवण्याची काटकसर महाग पडते, कारण जुन्या बॅटऱ्या तिलाही लवकर थकवतात. त्यानंतरच मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे, तपासावेत.