मामिया आरबी ६७ साठी लेन्स आणि ट्रायपॉड निवडताना या चुका टाळा

मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे ३५ मिलिमीटरहून मोठ्या फिल्मचा, वापरलेला कॅमेरा घेणारे बरेच जण सगळे पैसे लेन्सवर घालतात आणि ट्रायपॉडचे नंतर पाहू, असे म्हणतात. १९७० साली बाजारात आलेल्या मामिया आरबी ६७ च्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. ९० मिलिमीटरच्या लेन्ससह हा कॅमेरा अडीच किलोहून अधिक भरतो आणि त्याचा मोठा आरसा वर उसळताना जो हादरा बसतो, तो हलक्या ट्रायपॉडला पेलवत नाही. मग लेन्स कितीही उत्तम असली तरी चित्र पुसटच येते.

दुसरी चूक ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या सवयीने लेन्सचे आकडे वाचण्याची. या कॅमेऱ्याच्या ६×७ सेंटिमीटरच्या फ्रेमवर लेन्सचा आकडा साधारण निम्मा धरावा, म्हणजे ९० ची लेन्स तिथल्या ४५ सारखी दिसते आणि ५० ची चक्क वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, ठरते. पहिली लेन्स म्हणून ९० किंवा १२७ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कॅमेऱ्याचे शटर प्रत्येक लेन्समध्येच असते, त्यामुळे जुनी लेन्स घेताना आपण जुने शटरही विकत घेत असतो. काच स्वच्छ दिसली म्हणून व्यवहार उरकू नये. लेन्स कॅमेऱ्यावर चढवून वेग १ सेकंदावर ठेवावा आणि कान देऊन ऐकावे: आतले तेल सुकलेले असेल तर शटर रेंगाळते किंवा मध्येच अडकते. त्यानंतर काचेतून तिरका टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधावेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सबाबत तर हे टाळूच नये.

ट्रायपॉड घेताना उंचीला भुलू नका. या कॅमेऱ्यात वरून खाली पाहायचे असते, त्यामुळे मधला दांडा वर काढावाच लागत नाही, आणि तो वर काढला की स्थैर्य गेलेच. फिल्मचा मागचा भाग फिरवून उभी चौकट मिळते, म्हणून कॅमेरा आडवा करण्यासाठी बॉल हेडही (गोळ्यावर कुठेही वळणारा ट्रायपॉडचा माथा) लागत नाही. रुंद पाटीचे, तीन दिशांना स्वतंत्रपणे घट्ट होणारे हेड अधिक उपयोगी पडते. भार पेलण्याची क्षमता कॅमेऱ्याच्या वजनाच्या निदान दुप्पट असावी, कारण जवळचा फोकस करताना भाता (लेन्स आणि कॅमेऱ्यामधला घड्यांचा भाग) पुढे सरकतो आणि लेन्सचे वजन टोकाला जाते.

एवढे करूनही १/१५ सेकंदाच्या आसपास चित्र हललेले आले, तर आरसा आधी उचलून ठेवावा. त्यासाठी लेन्सवरची आरशाची कळ ‘एम’वर फिरवून केबल रिलीज (हात न लावता शटर दाबण्याची लवचीक तार) तिथेच लावावी, कॅमेऱ्याचे बटण दाबून आरसा वर जाऊ द्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मगच केबल दाबावी. ती कळ नंतर पूर्ववत करायची राहिली, तर पुढच्या वेळी बटण दाबल्यावर फक्त आरसा उचलला जातो, शटर उघडतच नाही आणि ती फ्रेम कोरी राहते.