'गेट'चा अर्थ पाठ करू नका, पुढे काय येतंय ते बघा

डिक्शनरीत 'गेट' (get) हे क्रियापद उघडून बसलात तर पानं संपणार नाहीत आणि हाती फारसं लागणार नाही. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. या क्रियापदाचे अर्थ पाठ करा, असं मी कुणालाच सांगत नाही. 'गेट'च्या मागोमाग काय आलंय तेवढं बघा, अर्थ तिथेच कळतो.

वस्तू आली तर मिळणं, मिळवणं किंवा आणणं: 'गेट अ लेटर', 'गेट अ जॉब'. मराठीत पत्र 'मला' मिळतं, इंग्रजीत कर्ता मीच: 'आय गॉट अ लेटर'. 'मला' म्हणून 'टू मी' घुसडायचं नाही. जागा आली तर पोहोचणं: 'गेट टू द स्टेशन'. पण 'होम' आणि 'देअर'च्या आधी 'टू' लागत नाही.

विशेषण आलं की मात्र जरा थांबा. 'बी' म्हणजे असणं, 'गेट' म्हणजे होणं. 'इट इज डार्क' म्हणजे अंधार आहे, 'इट इज गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय. आपल्याकडे अंधार पडतो, भूक लागते, राग येतो, दमायला होतं. दरवेळी क्रियापद वेगळं. इंग्रजीत या सगळ्यांना 'गेट' चालतं: गेट डार्क, गेट हंग्री, गेट अँग्री, गेट टायर्ड. लग्नाचंही तसंच. 'दे आर मॅरीड' म्हणजे ते नवरा-बायको आहेत, 'दे गॉट मॅरीड इन जून' म्हणजे लग्न जूनमध्ये झालं. 'दे आर मॅरीड इन जून' म्हटलंत तर बाकीचे अकरा महिने ते कोण असतात, असं ऐकणाऱ्याला वाटेल.

आता माझा आवडता भाग. एकाने वर्गात सांगितलं, 'आय कट माय हेअर यस्टरडे.' मानेवरची ती सरळ रेघ बघितल्यावर कळत होतं की हे काम स्वतःच्या हाताने झालेलं नाही. मराठीत 'मी काल केस कापले' म्हटलं तरी सलून गृहीत असतं. इंग्रजीत नसतं, कात्री तुमच्याच हातात येते. 'कापून घेतले' म्हणायचं तर 'आय गॉट माय हेअर कट'. क्रम पक्का ठेवा: आधी 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय गॉट माय फोन रिपेअर्ड', 'आय गॉट द फॉर्म साइन्ड'.

काम कुणाकडून करून घेतलं ते सांगायचं असेल तर माणसानंतर 'टू' येतो: 'आय गॉट हिम टू साइन'. यात मनधरणी आहे, पटवून, मागे लागून सही घेतलीये. 'आय मेड हिम साइन'मध्ये सक्ती आहे, आणि तिथे 'टू' नाही. हा 'टू' उलटसुलट करणारे खूप भेटतात, आणि इथे मी सवलत देत नाही.

'ही गॉट फायर्ड' (त्याला नोकरीवरून काढलं), 'ही गॉट कॉट' (तो पकडला गेला) यांत बिचाऱ्याने काही केलेलं नाही, त्याच्या बाबतीत ते घडलंय. वाहनांचं सोपं आहे: आत उभं राहून चालता येतं अशा बस, ट्रेन, विमानाला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', कारला 'गेट इन' आणि 'गेट आउट'.

'गेट'ला जोडून येणाऱ्या शब्दांच्या लांबलचक याद्या इंटरनेटवर मिळतात, त्या सोडा. चार घ्या आणि वापरा: 'गेट अलाँग' म्हणजे पटणं, 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणं, 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागवणं, 'गेट अवे विथ' म्हणजे करून सवरून सहीसलामत सुटणं.

तिसरं रूप ब्रिटिश लोक 'गॉट' करतात. अमेरिकन लोक मिळणं किंवा होणं या अर्थी 'गॉटन' म्हणतात, पण 'माझ्याकडे कार आहे' हे त्यांच्याकडेही 'आय हॅव गॉट अ कार' असंच.

आणि लिहिताना भान ठेवा. 'गेट' इंग्रजीत आला जुन्या नॉर्समधून, व्हायकिंग लोकांबरोबर, आणि तो बोलण्यातच रुळला. 'रिसीव्ह' आणि 'ऑब्टेन' फ्रेंचमधून आले, त्यांना दरबारी वळण आहे. ऑफिसच्या पत्रात 'वी हॅव रिसीव्ड युअर ॲप्लिकेशन' शोभतं. मैत्रिणीला मात्र 'गॉट युअर मेसेज' एवढंच पाठवा. 'आय हॅव रिसीव्ड युअर मेसेज' लिहिलंत तर ती विचारेल, रागावलीस का?