जुन्या काळ्या खिडकीला रामराम

लॅपटॉप विंडोजचा, काम मात्र सगळं बॅशमधलं, म्हणजे लिनक्ससारख्या कमांड टाइप करून. कोथरूडच्या घरी बसून लॉग चाळायचे, स्क्रिप्ट चालवायच्या. सिगविन (लिनक्ससारखी साधनं विंडोजवर देणारा संच) कधीचंच टाकलेलं, पण सवयीने उघडायचो विंडोजच्या जुन्या काळ्या कन्सोलमध्ये. मजकूर निवडायला जावं तर चौकोनच निवडला जायचा, अर्ध्या ओळी बाहेर! एका रविवारी वैतागून दुसरी खिडकी शोधायला बसलोच, आणि मिनटीवर येऊन थांबलो.

आधी पुटी हे टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आठवलं. पण ते दूरच्या मशीनसाठी. आपल्याच मशीनवरच्या शेलसाठी (कमांड चालवणारा प्रोग्रॅम, जसं बॅश) एसएसएच सर्व्हर (दूरून आलेली जोडणी घेणारा प्रोग्रॅम) चालवायचा म्हणजे स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फोन लावण्यासारखं. मिनटी त्याच पुटीच्या कोडवरून बनलंय, फक्त ते सिगविनच्या पीटीवायशी (प्रोग्रॅमला खऱ्या टर्मिनलसारखा भासणारा दुवा) थेट बोलतं. माउसने निवडलं की कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट दाबलं की पेस्ट. खिडकी हवी तेवढी ओढा. एवढ्यावरच मी खूश.

आनंद तासभर टिकला. विंडोजवाला पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) उघडला तर प्रॉम्प्टच (कमांडची वाट पाहणारी खूण) येईना, नुसता कर्सर लुकलुकतोय. कारण शोधलं: मिनटीतला पीटीवाय विंडोजच्या प्रोग्रॅमना टर्मिनल न वाटता साधा पाइप (नुसता मजकूर वाहून नेणारी नळी) वाटतो, म्हणून पायथन गप्प. 'पायथन -आय' दिलं, प्रॉम्प्ट आला. पण वरचा बाण दाबल्यावर मागची ओळ येण्याऐवजी कचरा उमटला. खरा उपाय वेगळाच निघाला. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीत कॉनपीटीवाय, म्हणजे विंडोजचा स्वतःचा पीटीवाय, आलं, आणि सिगविन 3.1 पासून ते वापरतं. माझं सिगविन 2 च्या घरातलं! सेटअप चालवून अपडेट केलं, चहा झाला तोवर पायथन बोलायला लागला.

ऑफिसात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच चालणारं लिनक्स) आहे, तिथे विंडोज टर्मिनलच बरं पडतं. घरी मात्र मिनटी.