भरतीचं ग्राउंड: एकाच सरावात दम आणि ताकद

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. नुसतं धावून दम वाढतो, पण गोळा दूर जात नाही. हाय इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंगमध्ये, म्हणजे वजन उचलणं, जोर-बैठका आणि चाल सलग, जोरात करायच्या सरावात, दम आणि ताकद एकत्र वाढते. त्यासाठी जिम लागत नाही, वावरातली मोकळी जागा पुरते.

खताच्या रिकाम्या पोत्यात १५ किलो कोरडी रेती भरा, नवख्यांनी ८ ते १०. रेती आधी दुहेरी पॉलिथिनमध्ये बांधा, नाहीतर शिवणीतून गळते. पोतं गच्च भरू नका, कारण ढिलं असलं तरच हाताची पकड बसते. धुऱ्यालगत २० मीटर मोजून दोन खुणा करा.

१० मिनिटं हलकं धावून अंग गरम करा. मग न थांबता पोतं छातीशी धरून १० बैठका, ८ जोर आणि पोतं खांद्यावर घेऊन जाऊन-येऊन ४० मीटर झपाझप चाल. झाली एक फेरी. दीड मिनिट थांबा. पहिल्या दोन आठवड्यांत ३ फेऱ्या, पुढे ४. फेरी संपताना दोन-तीन शब्दच बोलता आले पाहिजेत. गप्पा मारता येत असतील तर जोर कमी पडतोय.

असा सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. रोज केला तर स्नायू भरून येत नाहीत. धावण्याचे दिवस वेगळे ठेवा, कारण १६०० मीटरला त्याला पर्याय नाही. सुरुवातीला वाढते ती ताकद बहुतेक मज्जासंस्थेची असते, ती जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकते. पुढच्या आठवड्यांत हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं आणि स्नायूंत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. म्हणून सहा-आठ आठवडे धीर धरा. आधी विश्रांती एक मिनिटावर आणा, मग फेरी वाढवा, वजन सर्वांत शेवटी. पोतं उचलताना पाठ वाकू लागली की त्या दिवशी तिथेच थांबा. कंबर जाते ती बहुधा दमलेल्या शेवटच्या फेरीत.

एप्रिल-मे मध्ये सूर्य उगवायच्या आत सराव आटोपा. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर फेऱ्या निम्म्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली आणि स्नायू सुजून फार दुखत असतील तर लगेच दवाखाना गाठा. स्नायू तुटून किडनीवर ताण येतो.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर भागातल्या मुला-मुलींनी सुरू करण्याआधी सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करूनच घ्यावी. वाहक (आजार नाही, पण त्याचा एक दोष अंगात आहे) असाल तरी सराव करता येतो, पण हळूहळू वाढवा, भरपूर पाणी प्या, घड्याळ लावून जिवाच्या आकांताने पळू नका. पायात नेहमीचा गोळा (क्रॅम्प) आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो. सिकलच्या त्रासात तो मऊच राहतो, पण पायातलं बळच जातं. असं झालं तर ताबडतोब थांबवा, सावलीत बसवा आणि १०८ ला फोन करून वाहक असल्याचं सांगा.