मूल खोकतंय आणि बाहेर जायचंय: काय करावं, काय टाळावं

मूल बालवाडीत जायला लागलं की पहिली दोन-तीन वर्षं घरात कुणी ना कुणी खोकतच असतं. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं डॉक्टरांच्या दृष्टीने नेहमीचंच, आणि सर्दी ओसरल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. प्रत्येक खोकल्याला घरी बसायचं ठरवलं, तर श्रावणापासून होळीपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायला नको.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. एक खोकल्याचा आवाज, दुसरी खोकल्याची लागण. लोक वळून बघतात ते आवाजामुळे. खरा धोका बऱ्याचदा अशा मुलापासून असतो, जे अजून फारसं खोकतही नाही, पण ज्याचं नाक वाहतंय आणि अंग कोमट आहे.

१. निघण्याआधी दिवस मोजा

सर्दी-खोकल्याचे पहिले काही दिवस, विशेषतः ताप असताना, लागण सगळ्यात जास्त पसरते. त्या दिवसांत घरीच थांबा. ताप गेला हे कसं ओळखायचं? पॅरासिटामॉल न देता पूर्ण 24 तास अंग थंड राहिलं पाहिजे. सकाळी औषध पाजून, ताप उतरवून मुलाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायचं, हा उद्योग मीही केला आहे. औषधाचा अंमल चार-सहा तास टिकतो. दुपारी शाळेतून फोन आला.

ताप गेला, मूल खेळतंय, जेवतंय, फक्त अधूनमधून ढास लागते, असं असेल तर जायला सहसा हरकत नाही. दम्याचा खोकला तर कुणाला लागतच नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र मुलाला डॉक्टरकडेच न्यावं: उबळीवर उबळ येऊन शेवटी ओकारी होणं किंवा श्वास घेताना ‘हूप’ असा आवाज येणं (हा डांग्या खोकला असू शकतो), श्वास जोरजोरात चालणं, दोन आठवडे उलटले तरी खोकला न थांबणं. खोकला, ताप, लाल डोळे आणि अंगावर पुरळ असेल, तर दवाखान्यातही थेट शिरू नका. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. आधी फोन करा, बाहेर थांबा, बोलावल्यावर आत जा.

२. समोर कोण असणार आहे, ते बघा

सगळ्यात अवघड प्रकरण बारशाचं. बाळ बारा-पंधरा दिवसांचं. आपल्याकडच्या सरकारी वेळापत्रकात डांग्या खोकल्याविरुद्धचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात मिळतो, म्हणजे पाळण्यातल्या त्या जिवाला तोवर स्वतःच्या लशीचं संरक्षण नसतं. आपल्या पाच वर्षांच्या मुलाला जो विषाणू नुसता शिंकायला लावतो, तोच तान्ह्या बाळाच्या छातीत उतरला तर त्याला रुग्णालयात ठेवायची वेळ येते. आणि बारशाला आलेलं प्रत्येक मूल पाळण्यावर वाकतंच, बाळाची पापी घेतंच.

अशा वेळी ‘खोकतोय, आणू का?’ असं विचारू नये. आपल्याकडे यजमान या प्रश्नाला ‘नको’ म्हणूच शकत नाहीत. ‘अगं आण गं, मुलं खोकायचीच’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून निर्णय आपण घ्यावा आणि फक्त कळवावा: ‘मावशी, याला परवापासून खोकला आहे. मी एकटी येऊन बाळाला लांबूनच बघून जाते, याला पुढच्या महिन्यात आणते.’ मावशी वरवर रुसेल. बाळंतीण मनातून सुटकेचा श्वास सोडेल.

घरी केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, किंवा दमेकरी आजोबा असतील, तरी हाच नियम. लग्नाच्या मोठ्या हॉलमध्ये तेवढी काळजी लागत नाही. पंगतीत कडेची जागा धरा आणि वाढपातल्या डावाला मुलाला हात लावू देऊ नका, एवढं पुरे.

३. प्रवासात हवा खेळती ठेवा

मुंबईत पर्याय असेल तर एसी लोकलपेक्षा साधी लोकल बरी: दारं-खिडक्या उघड्या असतात. एसटीत खिडकी उघडून मुलाला तिथे बसवा. पाच वर्षांपुढचं मूल मास्क नीट लावत असेल तर गर्दीत लावावा. दोन वर्षांखालच्या मुलाला कधीच लावू नये. तळहातावर न खोकता कोपरात खोकायला घरी खेळ म्हणून शिकवा. आमच्याकडे त्याला ‘हत्तीची सोंड’ म्हणतात.

४. नाट्यगृहात मात्र आवाजाचा विचार

बालनाट्याला खुशाल जा, तिथे खोकला कुणाला ऐकूही येत नाही. मोठ्यांचं गंभीर नाटक किंवा गाण्याची मैफल असेल तर खोकणाऱ्या मुलाला आजीकडे ठेवा. तिकीट वाया जातं, मान्य. ते शेजाऱ्याला द्या.

न्यायचंच असेल तर रांगेच्या कडेची, दाराजवळची खुर्ची घ्या. एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर मुलाला शाल गुंडाळा. कोमट पाणी जवळ ठेवा. खडीसाखर मोठ्या मुलालाच, तीही बसून. लहानाच्या घशात ती अडकू शकते. आणि प्लास्टिकच्या चुरचुरणाऱ्या पिशवीत आणू नका. शांत प्रवेशात ती पिशवी खोकल्यापेक्षा मोठ्याने बोलते.

‘तीन तास गप्प बसेल’ म्हणून निघताना खोकल्याचं औषध पाजणं हा सगळ्यात वाईट उपाय. 2025 मध्ये मध्य प्रदेशात भेसळयुक्त कफ सिरपमुळे मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालच्यांनाही सहसा नाहीत. रात्री चमचाभर मध चालतो, पण तो वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.

५. उबळ आली की लगेच उठा

‘थांबेल, थांबेल’ म्हणत पाठ थोपटत बसू नका. एक-दोनदा खोकला तर ठीक, तिसऱ्यांदा खोकला की मुलाला उचलून बाहेर. वाकून, एका हाताने ‘सॉरी’ची खूण करत निघालं की लोक माफ करतात. बाहेर पाणी पाजा, नाक पुसा, रुमाल पिशवीत टाका, साबणाने हात धुवा. परत येताना प्रवेश बदलायची वाट बघा.

६. आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत असाल तर

‘औषध देत नाही का?’ असं त्या आईला विचारू नका. ज्येष्ठमधाची कांडीही पुढे करू नका. त्रास होत असेल तर सरळ दुसरीकडे बसा, आणि कडेची खुर्ची तुमचीच असेल तर उठताना हलकेच म्हणा, ‘ताई, तुम्ही इकडे बसा, दार जवळ पडेल.’