व्हीएस कोडमधून एमपीआय प्रोग्राम कसा चालवावा आणि डीबग करावा

एमपीआय म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याची ठरलेली पद्धत. उबुंटूवर तिची ओपन एमपीआय ही लायब्ररी आणि व्हीएस कोड या एडिटरचं सी प्लस प्लस एक्स्टेंशन आहे, असं धरून चालतो. सोबत एमपीआयसीएच ही दुसरी एमपीआय लायब्ररीही बसवलेली असेल तर दोन्हींतलं एक काढून टाका. एकाने कंपाइल करून दुसऱ्याच्या एमपीआयरनने (प्रोग्रामच्या अनेक प्रोसेस सुरू करणाऱ्या कमांडने) चालवलं, की सगळ्याच प्रोसेस आपापली रँक, म्हणजे गटातला क्रमांक, ० सांगतात आणि तुम्ही दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसता.

कंपाइल कसं करायचं हे व्हीएस कोडला सांगणाऱ्या टास्क फाइलमध्ये जीसीसी या कंपायलरच्या जागी एमपीआयसीसी, म्हणजे एमपीआयची कंपाइल कमांड, लिहा आणि डीबगची माहिती ठेवून ऑप्टिमायझेशन बंद करा. मग टर्मिनलमध्ये एमपीआयरनला प्रोसेसची संख्या द्या. स्लॉट (प्रोसेससाठीच्या जागा) पुरत नाहीत अशी तक्रार आली तर घाबरू नका. ओपन एमपीआय हायपरथ्रेड नाही, प्रत्यक्ष कोअर मोजतं. ४ कोअरवर ८ प्रोसेस हव्याच असतील तर ओव्हरसबस्क्राइबचा पर्याय द्या.

खरी अडचण ब्रेकपॉइंटची, म्हणजे डीबगरने प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या ओळीची. डीबग सुरू करायला एफ ५ दाबलं की प्रोग्राम एमपीआयरनशिवाय सुरू होतो, म्हणजे एकच प्रोसेस. त्यावर हमखास मिळणारा सल्ला असा, की डीबगची सेटिंग असलेल्या लाँच फाइलमध्ये प्रोग्राम म्हणून एमपीआयरनचंच नाव द्या. तो ऐकू नका. मी ऐकला आणि आठवडा घालवला. डीबगर एमपीआयरनला धरून बसतो, तुमचा कोड त्याच्या पोटातून निघालेल्या वेगळ्याच प्रोसेसमध्ये चालतो आणि ब्रेकपॉइंट कधीच लागत नाही.

उपाय एकच: प्रोग्रामला थांबवून ठेवायचं आणि चालत्या प्रोसेसला डीबगर जोडायचा. एमपीआय सुरू करणारा एमपीआय इनिट हा कॉल झाल्यावर प्रत्येक रँकला आपला प्रोसेस क्रमांक छापायला लावा आणि बफर लगेच फ्लश करा. जी रँक तपासायची आहे तिच्यापुरतं एक व्होलाटाइल व्हेरिएबल १ ठेवा आणि ते ० होईपर्यंत एकेक सेकंद स्लीप करणारं लूप लिहा. लूपनंतर सगळ्यांसाठी एमपीआय बॅरिअर (सगळ्या रँक पोहोचेपर्यंत प्रत्येकीला थांबवणारा कॉल) लावा, म्हणजे बाकीच्या रँक पुढे पळत नाहीत. त्या बॅरिअरवर थांबल्या तरी सीपीयू पूर्ण वापरतात, तेव्हा पंखा जोरात फिरू लागला तर तो बिघाड नाही.

आता लाँच फाइलमध्ये अटॅचचं, म्हणजे चालत्या प्रोसेसला डीबगर जोडण्याचं, कॉन्फिगरेशन करा, छापलेला क्रमांक निवडा आणि पॉज दाबा. इथे बहुतेक जण हरतात, कारण प्रोसेस स्लीपच्या आत, लायब्ररीच्या कोडमध्ये थांबलेली असते आणि तुमचं व्हेरिएबल दिसतच नाही. कॉल स्टॅकमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) खाली येऊन स्वतःचं फंक्शन निवडा, व्हेरिएबल ० करा, ब्रेकपॉइंट लावा आणि पुढे चला.

अटॅच करताना परवानगी नाकारली गेली तर कारण उबुंटूची यामा सुरक्षा. कोणती प्रोसेस कोणाला अटॅच करू शकते हे ठरवणारा तिचा पीट्रेस स्कोप मुळात १ असतो, तो सिसकंट्रोल या कमांडने ० करा; रीबूटनंतर तो पूर्ववत होतो आणि तसाच होऊ द्या. सगळंच सुडोने, म्हणजे रूट (प्रशासक) म्हणून, चालवा, असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. एमपीआयरन रूट म्हणून चालायला स्वतःच नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

प्रोग्राम अडकून पडत असेल तर लूपचीही गरज नाही. अडकलेल्या प्रत्येक प्रोसेसला अटॅच करा आणि कॉल स्टॅक वाचा. एक रँक रिसीव्हमध्ये (संदेशाची वाट पाहणाऱ्या कॉलमध्ये) आणि बाकीच्या बॅरिअरमध्ये दिसल्या, की तिला संदेश कोण पाठवणार होतं ते कोडमध्ये शोधा.