गॅलरीत घरटं झालंय? या चुका टाळा

आमच्या गॅलरीतलं पहिलं घरटं बुलबुलाचं होतं. मधुमालतीच्या वेलात, काड्या आणि काथ्याची वाटी, आत गुलाबीसर ठिपक्यांची तीन अंडी. मी दिवसातून चार-पाच वेळा स्टुलावर चढून बघायचे. पाचव्या दिवशी घरटं रिकामं होतं. समोरच्या केबलवर एक कावळा रोज बसायचा. मी कुठे डोकावते ते तो पाहत होता, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच मानते: सारखं बघायला जाणं. घरटं बांधताना आणि अंडी उबवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत पक्षी फार बुजरा असतो, जरा त्रास झाला तरी जागा सोडून देतो. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत-बाहेर पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे जेमतेम महिनाभराचा प्रश्न. तेवढे दिवस खिडकीच्या आतून, पडद्याआडून बघा. फ्लॅश मारून फोटो नको, आणि फोटो नीट यावा म्हणून समोरची पानं खुडणं तर मुळीच नको. तीच पानं कावळ्यापासूनचा आडोसा आहेत.

कुंडी हलवू नका. ऊन लागतंय, पाऊस लागतोय असं वाटून लोक ती आत घेतात. पक्ष्याने जागा पारखून घरटं बांधलेलं असतं आणि तो त्याच जागी परत येतो.

याच्या उलट चूकही होते. पक्षी घाबरेल म्हणून झाडाला पाणीच घालायचं नाही! मग झाड सुकतं, पानं गळतात आणि एप्रिलचं ऊन थेट पिल्लांवर येतं. आई-बाप चारा आणायला गेले की झारीचं तोंड मातीशी धरून हळूच पाणी घाला. वरून फवारा नको.

मदत म्हणून केलेल्या गोष्टी

घरट्यासाठी कापूस, लोकरीचे धागे, केस ठेवायची पद्धत आहे. त्या धाग्यांत पिल्लांचे पाय अडकतात, आवळले जातात. त्यापेक्षा कोपऱ्यातली कोळ्याची जाळी राहू द्या. शिंपी पक्षी आणि सूर्यपक्षी दोघांनाही घरट्यासाठी ती लागतात. सूर्यपक्ष्याची मादी तर कपडे वाळत घालायच्या दोरीलाही जाळ्यांनी आपलं पिशवीसारखं घरटं बांधते. तसं झालं तर महिनाभर कपडे दुसरीकडे वाळवा.

ज्वारी-तांदूळ टाकले की पारव्यांची झुंड येते आणि लहान पक्षी दूर जातात. पिल्लांना दाणे नकोच असतात, त्यांना लागतात अळ्या आणि किडे. अगदी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या कुंडीतल्या अळ्या हा त्यांचा डबा आहे, त्यावर औषध मारू नका. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, फारच वाढला तर घरट्यापासून लांबची पानं ओल्या फडक्याने पुसा. पाणी मात्र जरूर ठेवा: मातीचं उथळ परळ, घरट्यापासून दूर. ते रोज बदला, नाहीतर डास होतील.

चिमण्यांसाठी पेटी लावणार असाल तर भोक ३२ मिलिमीटरच्या आसपास हवं. पुढे बसायची दांडी नको, तिचा उपयोग शत्रूंनाच होतो. पत्र्याची पेटी तापते, लाकडी घ्या. पश्चिमेचं ऊन टाळा. आणि पंखा फिरतो त्या खोलीच्या दाराशी ती टांगू नका.

पिल्लू खाली पडलं तर

आधी नीट बघा. अंगावर पिसं नसतील, डोळे मिटलेले असतील, तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे. पिसं फुटलेली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही. बुलबुलाची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि आई-बाप त्यांना बाहेरच भरवतात. त्याला जवळच्या झुडपात ठेवा, मांजर आणि मुलं लांब ठेवा, आणि तुम्हीही आत जा. चोचीत दूध-पाणी थेंबभरही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

सोसायटीत रंगकाम निघालं तर तुमची गॅलरी शेवटी घ्यायला सांगा. कुणी हट्टाला पेटलंच, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दाखवा. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे.

पिल्लं उडाल्यावर घरटं लगेच काढू नका. दोन-तीन आठवडे थांबा, पुन्हा कुणी येत नाही ना ते बघा. मग हातमोजे घालून काढा, कारण त्यात बारीक पिसवा असतात.